उशीर करू नका, घाईही करू नका

(सटाणा येथे चळवळीच्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बसूनच बोलतो, माफ करा. डाव्या पायाची टाच अर्धी कापलेली आहे, फार वेळ उभे राहवत नाही. तुमच्यातले काही जण मला ओळखतात. माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. बागलाणातल्या कितीतरी विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्या हाताखालून गेल्या आहेत. भाषण देणे हा काही माझा धंदा नाही. पण संयोजक म्हणाले, "भाई, आजारात माणसाने उमेद कशी धरायची, ते पोरांना सांगा." मी म्हटले, सांगतो, पण आधी माझी चूक सांगेन, मग उमेदीचे बोलू.

मला कातडीचा कॅन्सर आहे. त्याचे नाव मेलॅनोमा. तो पायाच्या तळव्यावर सुरू झाला आणि आता फुप्फुसात आहे. डॉक्टरांच्या भाषेत चौथी पायरी. मला एक मुलगी आहे, बारावीला. एक मुलगा आहे, सहावीला.

आता चूक सांगतो. चार-साडेचार वर्षांपूर्वी टाचेच्या कडेला एक काळा डाग दिसला. मसुराच्या दाण्याएवढा. मला वाटले, कुरूप आहे. दुकानात मी चप्पल काढूनच बसतो, तांब्याच्या तारेचे तुकडे, लोखंडाचा कीस पायाला लागतच असतो. मेडिकलमधून कुरूपाची पट्टी आणून लावली. मग कुणीतरी सांगितले म्हणून बिब्बा लावला. डाग वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मधूनच पाणी येऊ लागले. मग एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तो भाग सुन्न करून कापून काढला आणि कापलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तपासणीला पाठवला नाही. मीही विचारले नाही. चार महिन्यांत तिथेच पुन्हा काळे आले. नाशिकला जाऊन बायोप्सी होईपर्यंत पहिल्या दिवसापासून चौदा महिने गेले होते आणि जांघेत गाठ आली होती.

यातली एक गोष्ट मला आजही सलते. मी पाच वेळचा नमाजी आहे. म्हणजे रोज पाच वेळा वजू करताना हा पाय मी धूत होतो. बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत होतो. चौदा महिने. पाय धुतला, पण पाय पाहिला नाही.

आपल्याला असे वाटते की कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना, उन्हात पडून राहणाऱ्यांना होतो. त्यांना तो जास्त होतो, हे खरे. पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांना मेलॅनोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा काही संबंध नसतो. म्हणून कुणाला संशयच येत नाही. बॉब मार्ले हा गायक तुम्ही ऐकला असेल. 1977 मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हेच निघाले. आधी वाटले, फुटबॉल खेळताना लागले असेल. अंगठा काढावा असे डॉक्टरांनी सांगितले, त्याने तो काढू दिला नाही. 11 मे 1981 ला तो गेला, तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. एवढी दुनिया फिरलेला माणूसही नखाखालच्या डागाला फसला, तिथे सटाण्याच्या मिस्त्रीचे काय?

म्हणून तुमच्याकडून एक काम हवे आहे. आपल्याकडे बरेच जण जुम्म्याला नखे काढतात. त्या दिवशी दोन मिनिटे जास्त द्या. हातापायाची नखे नीट पाहा. नखाखाली काळी उभी रेघ आली आहे का, ती रुंद होते आहे का? तळवा उजेडात धरून पाहा. एखादा डाग ज्याचे दोन भाग सारखे नाहीत, ज्याची कड फाटल्यासारखी आहे, ज्यात दोन-तीन रंग आहेत, जो वाढतो आहे, किंवा एखादी जखम जी भरत नाही, तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा. प्रत्येक डाग कॅन्सर नसतो, बहुतेक नसतातच. पण डॉक्टरने काही कापून काढले, तर तो तुकडा तपासणीला जाणार का, हे विचारा. आणि घरातल्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे पाय कोण पाहते? आपल्या घरातली अम्मी पायाला काय झाले हे कुणाला सांगत नाही. "डॉक्टर पुरुष आहे, कसे दाखवू" म्हणते. तिला स्वतःचा तळवा वाकून दिसतही नाही. तो तुम्ही पाहा. आईच्या पायाशी काय असते, हे तुम्हाला लहानपणापासून शिकवले आहे. आता तिचे पाय जरा उलटेही करून पाहा.

"अल्लाहची मर्जी" असे म्हणून घरी बसणारेही मी पाहिले. पैगंबरांनी आजारावर इलाज करायला सांगितले आहे, हे आपण मस्जिदीत ऐकतो. इलाज केल्यावर जे होईल, ते मर्जी. इलाज न करता जे होते, त्याला मी आता मर्जी म्हणत नाही. माझ्या चौदा महिन्यांचा हिशेब माझ्याच खात्यावर आहे.

बायोप्सीनंतर ऑपरेशन झाले. टाच कापली, तळव्याच्या मधली कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. वर्ष बरे गेले. मग स्कॅनमध्ये फुप्फुसात तीन डाग आले.

तेव्हा मुलगी दहावीला होती. आम्ही नवरा-बायकोने ठरवले, पोरांना सांगायचे नाही. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे तर "पायाची ड्रेसिंग आहे" सांगायचो. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरायचो, पोरांना सांगायचो, मित्राकडे उतरलो आहे. पण पोरे मूर्ख नसतात. घरात कुजबुज सुरू झाली की त्यांच्या लक्षात येते. मुलीने कपाटातली फाइल काढली, एकेक शब्द फोनमध्ये टाकला. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ती ओट्याशी बसलेली. म्हणाली, "अब्बा, तुम्ही माझ्या बारावीपर्यंत असाल का?"

मी दिवसभर लोकांच्या मोटारी किती वर्षे चालतील ते सांगतो. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हटले, "मला माहीत नाही, बेटा. डॉक्टरांनाही माहीत नाही." ती रडली, मीही रडलो. पण त्या रात्रीनंतर घरातले खोटे संपले. मला तेव्हा कळले की आमची उमेद त्या खोट्यामुळेच गुदमरत होती. एकमेकांसमोर सगळे हसत होते आणि रडायला प्रत्येक जण वेगळ्या कोपऱ्यात जात होता.

मुलगा लहान. त्याचा प्रश्न वेगळा होता. "मी तुमच्या ताटात जेवतो, मला होईल का?" त्याला कुणीतरी शेजारच्या पोराने सांगितले होते. एका नातेवाइकांच्या घरी मला वेगळ्या कपात चहा आला, तेही त्याने पाहिले होते. मी त्या दिवशी त्याला माझ्याच ताटात बसवून जेवू घातले. कॅन्सर ताटातून, कपातून, मिठी मारल्याने होत नाही. तुम्ही कार्यकर्ते आहात, हे मोहल्ल्यात मोठ्याने सांगा. पेशंटला कॅन्सरपेक्षा तो वेगळा कप जास्त लागतो.

मुलीने फोनवर वाचले होते की असा आजार पसरल्यावर निम्मे लोक वर्षही काढत नाहीत. ते जुन्या काळाचे आकडे होते. टाटामधल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावले. त्यांनी स्टीफन जे गुल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1982 मध्ये, चाळिशीत, त्यांना पोटातला एक दुर्मीळ कॅन्सर झाला. पुस्तकात लिहिले होते, निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात. गुल्ड हिशेबाचे पक्के. त्यांनी विचार केला, निम्मे आठ महिन्यांत जातात म्हणजे निम्मे आठ महिन्यांनंतरही असतात, आणि त्यांतले काही पुष्कळ वर्षे असतात. ते वीस वर्षे जगले, आणि 2002 मध्ये गेले ते दुसऱ्याच कॅन्सरने. मुलीने हे वहीत लिहून घेतले. वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभे केले, तर मधल्या मुलाच्या उंचीवरून शेवटच्या मुलाची उंची कळत नाही, असे तिने तिच्या भावाला समजावले. मला तिच्यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

आणि काळही बदलला आहे. माझे औषध मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मोटारीला ओव्हरलोड रिले असतो. भार जास्त झाला की तो मोटार बंद करतो, म्हणजे ती जळत नाही. आपल्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींनाही असा रिले असतो. कॅन्सर फार लबाड. तो हा रिले दाबून ठेवतो आणि आपले सैनिक बंद पडतात. नवे औषध कॅन्सरचा हात त्या रिलेवरून काढते. यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना 2015 मध्ये, नव्वदी गाठल्यावर, मेलॅनोमा यकृतात आणि मेंदूत पसरलेला निघाला. त्यांना हेच औषध आणि रेडिएशन मिळाले. ते शंभर वर्षांचे होऊन 29 डिसेंबर 2024 ला गेले. अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर 43 टक्के रुग्ण जिवंत होते. पूर्वी वर्ष काढणे अवघड होते, हे लक्षात घ्या.

पण मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. तळव्यावरच्या प्रकारात हे औषध तितके चांगले चालत नाही. ते महाग आहे. रिले काढला की मोटार तापण्याचाही धोका असतो; माझी थायरॉइड ग्रंथी त्यातच गेली, रोज गोळी घेतो. तरीही आपल्या देशात माणसे यावर काम करत आहेत. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कॅन्सरमध्ये हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन पाहिले. 2022 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगणारे रुग्ण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. तो माझा आजार नाही. पण गरिबाला परवडेल असा रस्ता कुणीतरी शोधते आहे, हे कळल्यावर माझ्यासारख्याला बळ येते.

पैशांचे विचाराल, तर सुरुवातीला मलाही वाटले, संपले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. बिल झाल्यावर नको. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत आणि एसटीत प्रवासाची सवलत आहे, तिचा दाखला मागून घ्या. बाकी मला सटाण्याने उभे केले. माझी शेतकऱ्यांकडे उधारी होती, कांद्याचे पैसे आले की देऊ म्हणायचे. आजार कळल्यावर न मागता एकेक जण दुकानात आला. काहींनी उधारीपेक्षा जास्त ठेवले. आपल्या गावाचे दैवत देवमामलेदार यशवंतराव महाराज. 1870-71 च्या दुष्काळात या मामलेदाराने सरकारी खजिना भुकेल्या लोकांसाठी उघडला, ही कथा इथले हिंदू-मुसलमान सगळेच सांगत मोठे झाले. मंदिर कुणाचे, मी कोण, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांना पडला नाही. तुम्हाला गावातल्या माणसांविषयी वाईट सांगणारे पुष्कळ भेटतात. माझा हिशेब हा असा आहे, तोही ऐका.

आता दुसरी गोष्ट. उशिराची चूक मी केली, घाईची चूक माझ्याकडून जवळजवळ झालीच होती.

फुप्फुसातले डाग कळल्यावर महिनाभरात एक वडीलधारे नातेवाईक घरी आले. माझ्या भल्याचेच बोलत होते. म्हणाले, "स्थळ चांगले आहे. तुझ्या डोळ्यांदेखत पोरीचा निकाह लावून टाक. तू शांतपणे डोळे मिटशील." मुलगी पंधरा वर्षांची होती. कायदा अठरा म्हणतो, हे मला माहीत होते. तरी तुम्हाला खरे सांगतो, तीन रात्री मी त्याच विचारात होतो. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीलाच मी जबाबदारी समजत होतो. मी गेलो तर हिचे कोण पाहणार, हा एकच प्रश्न. ती स्वतः स्वतःचे पाहू शकेल, हे उत्तर मला सुचतच नव्हते.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही तिच्या बारावीपर्यंत असाल की नाही माहीत नाही म्हणालात. मग तुम्ही नसाल असे धरून तिची बारावी का काढून घेता?"

माझ्या आजारात मला मिळालेली सगळी उमेद या एका वाक्यात होती. मी त्या नातेवाइकांना हात जोडून नाही म्हणालो. ती आता बारावी सायन्सला आहे. फेब्रुवारीत परीक्षा आहे.

तुमच्यातल्या कुणाचे आई-वडील आजारी असतील, तर तुमच्यावरही अशी घाई येईल. शिक्षण सोड, दुकानावर बस. निकाह उरकून घे. अम्मीला नात दाखव. आई-वडिलांची सेवा जरूर करा, पण त्यांच्या आजाराच्या नावावर कुणाला तुमची पुढची चाळीस वर्षे विकू देऊ नका. आणि कधी तुम्ही स्वतः आई-बाप व्हाल, तर मुलांना हे सांगा की आमच्या भीतीचे ओझे तुमचे नाही.

मग बाप म्हणून मी काय करतो? जी कामे खरोखर घाईची आहेत, ती केली. बायकोला बँकेचे, विम्याचे, दुकानाच्या हिशेबाचे सगळे कागद समजावले. वारसदारांची नावे नीट लावली. आपल्या वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मे मिळते. दोघांना सारखे मिळावे, ही माझी इच्छा. वकिलांनी सांगितले, मृत्युपत्राने एक तृतीयांशापुढे जाता येत नाही आणि वारसाला द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हयातीत हिबा करता येतो, पण त्यात देणे, स्वीकारणे आणि ताबा हे तिन्ही लागतात. अगदी शेवटच्या आजारात केलेला हिबा मृत्युपत्रासारखाच धरला जातो. त्याला मर्ज-उल-मौत म्हणतात. म्हणून असे काम धडधाकट असताना करा. आजारी पडण्याची वाट कशाला पाहायची?

आपल्या चळवळीत हमीद दलवाईंचे नाव येते. त्यांच्या प्रत्येक मताशी तुम्ही सहमत असा किंवा नसा. 22 मार्च 1970 ला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली आणि 3 मे 1977 ला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी आणि दोन मुली. मेहरुन्निसाभाभी त्यानंतर चाळीस वर्षे होत्या, 2017 मध्ये गेल्या, आणि त्यांनी काम सोडले नाही. मी हे वाचले तेव्हा दलवाईंपेक्षा भाभींचा जास्त विचार केला. जाणाऱ्याला उमेद लागतेच. पण ती खरी असेल तर मागे राहणाऱ्यांच्या हातात काम ठेवून जाते.

आणि मला हाजरा बीबी आठवतात. तान्हे मूल तहानेने रडते आहे, आजूबाजूला वाळवंट. त्या सफा आणि मरवाच्या मध्ये सात वेळा धावल्या. प्रत्येक हाजी आजही तसाच चालतो. पाणी निघाले ते मुलाच्या पायाशी, त्या धावत होत्या तिथे नाही. पण त्या सातही फेऱ्या त्यांनी केल्या. सातवी फेरी सुरू करताना त्यांना पाणी मिळेल हे माहीत नव्हते. आई-बापाची उमेद मला तशी दिसते. पुढचे माहीत नसताना पुढची फेरी घालायची.

माझ्या फेऱ्या लहान असतात. एका सलाइनपासून पुढच्या सलाइनपर्यंत. दर वर्षी यशवंतराव महाराजांच्या यात्रेत मुलाला पाळण्यात बसवायचे, हे मी ठरवले आहे. गेल्या वर्षी बसवले. वरून तो ओरडला, "अब्बा, आरम नदी दिसते." मी खाली काठी टेकून उभा होतो. तेवढ्यासाठी मी तीन महिने औषध घेतले होते म्हणा ना.

गेल्या महिन्यात स्कॅन झाला. दोन डाग लहान झाले आहेत, एक वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, यात्रेनंतर पुन्हा पाहू. मुलीला मी घरी आल्याबरोबर रिपोर्ट वाचायला दिला. तिने तो वाचला, फाइलला लावला आणि म्हणाली, "अब्बा, मला आज रसायनशास्त्राचा एक धडा संपवायचा आहे. तुम्ही शेजारी बसा." मी बसलो. मला त्यातले काही कळत नाही. धडा संपेपर्यंत बसलो.

माझे एवढेच. येत्या जुम्म्याला पाय पाहा. आपला आणि अम्मीचाही.